संगणकाची पाठ

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली, की आपल्या घरांतून एक मोठी मोहीम निघते. माळ्यावरची पातेली खाली उतरतात, कपाटामागची जळमटे निघतात, पंख्याची पाती पुसण्यासाठी कोणीतरी स्टुलावर चढते आणि दुसरे कोणीतरी खालून सूचना देते. या धामधुमीतून घरातला एकच कोपरा सुटतो. तो म्हणजे संगणकाचा. फडके घेऊन तिकडे कोणी वळलेच, तर आतल्या खोलीतून चिरंजीवांची आरोळी येते, "आई, त्याला हात लावू नकोस हं!"

आता गंमत पाहा. दहा-बारा दिवसांपूर्वी दसऱ्याला याच संगणकाची पूजा त्याच माउलीने केलेली असते. पाटी-पुस्तकांच्या जोडीला आता त्यालाही झेंडूचे फूल मिळते, आपट्याचे पान मिळते, कळफलकाला हळदकुंकू लागते. कुंकू लावायला जो हात चालतो, तोच हात फडके लावायला चालत नाही! देव्हाऱ्यातल्या देवांनासुद्धा आपण हल्ली इतके सोवळ्यात ठेवत नाही.

मोबाइल आणि लॅपटॉप घरोघर झाले, तरी टेबलावरचा मोठा संगणक अजून पुष्कळ घरांत आहे. सोसायटीच्या कचेरीत, शाळेत, बँकेत तर आहेच. मोबाइल म्हणजे बंद डबी. बाहेरून पाहण्यासारखे तिच्यात फारसे काही नाही. या मोठ्या संगणकाचे तसे नाही. त्याचे सारे अवयव सुटे, डोळ्यांसमोरचे आणि नावानिशी ओळखता येण्यासारखे. त्याच्या पोटात काय चालते ते कळले नाही तरी बिघडत नाही. पण त्याचे बाहेरचे रूप घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, असे माझे मत आहे. विजेचा मीटर आतून कसा चालतो हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तरीही मेन स्विच कोणता, हे आपण आजींनाही दाखवून ठेवतोच की नाही?

हे ठाऊक नसले म्हणजे काय होते, ते सांगतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. एकटेच राहतात. मुलगी परगावी. दर रविवारी सकाळी दहा वाजता संगणकाच्या पडद्यावर नातीचा चेहरा दिसावयाचा, तिने नवे शिकलेले गाणे म्हणून दाखवायचे, आणि त्या अर्ध्या तासावर मास्तरांनी आठवडा काढायचा, असा परिपाठ. एका रविवारी पडदा काळाच राहिला. शेजारचा मुलगा परीक्षेत गुंतलेला, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो म्हणणारा. अखेर दहाव्या दिवशी तो आला, टेबलामागे वाकला, एक सैल झालेली वायर दाबून बसवली आणि पाचशे रुपये घेऊन गेला. वाकण्याचे पाचशे! मी हळहळलो, तेव्हा मास्तर म्हणाले, "पैशांचे सोडा हो. दोन रविवार गेले, त्याचे काय?"

म्हणून म्हणतो, या दिवाळीत फडके हातात घ्या आणि माझ्याबरोबर संगणकाभोवती एक प्रदक्षिणा घाला.

आधी नावांचा घोळ निस्तरू. पडद्याला आपण 'संगणक' म्हणतो आणि खालच्या खोक्याला 'सीपीयू'. दोन्ही नावे चुकीच्या जागी पडली आहेत. पडदा हा नुसता पडदा. त्याचे नाव मॉनिटर. खरा संगणक त्या खोक्यात असतो, आणि सीपीयू म्हणजे त्या खोक्याच्याही आत, पंख्याखाली दडलेली, साधारण बर्फीच्या वडीएवढी एक चकती. खोक्याचे आपले नाव कॅबिनेट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला, तेव्हा त्याला एक मोठी खोली लागत असे. आयबीएम कंपनीने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला घरगुती आकाराचा संगणक बाजारात आणला, तो मात्र टेबलावर मावला. त्याचे खोके आडवे असे आणि पडदा त्याच्या डोक्यावर बसे. पुढे खोके उभे राहिले, टेबलाखाली उतरले, पण 'डेस्कटॉप' हे नाव तसेच राहिले. आपल्याकडे नाही का, वाड्याची चाळ झाली तरी पत्ता वाड्याचाच राहतो!

आता खोक्याचे तोंड पाहू. समोर एक मोठे बटण असते, त्यावर एक खूण. अपुरे वर्तुळ आणि त्याच्या फटीत उभी रेघ. ही खूण जगभर एकच आहे. रेघ म्हणजे १, चालू. वर्तुळ म्हणजे ०, बंद. दोन्ही एकत्र आले, की त्याचा अर्थ 'बटण बंद केले तरी यंत्र पुरते झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवते' असा. म्हणूनच भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत, संगणक बंद दिसला तरी त्याच्या आत थोडी वीज खेळत असते. रोज संगणक बंद करावयाचा तो पडद्यावरून, रीतसर आज्ञा देऊन. तो अगदीच हट्टाला पेटला आणि काही ऐकेना, तर हेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे. हा शेवटचा उपाय. चिमटा काढल्यासारखा, एरवी वापरू नये.

बटणाजवळ दोन बारीक दिवे असतात. एक स्थिर जळतो. तो म्हणजे 'मी जागा आहे' ही खूण. दुसरा मध्येच लुकलुकतो. त्याच्याजवळ पुष्कळदा लहानशा डब्यासारखे चित्र असते. तो लुकलुकत असताना संगणक आपल्या साठवणीत काही लिहीत किंवा वाचत असतो. अशा वेळी भिंतीवरचा स्विच बंद करणे म्हणजे जमाखर्च लिहिणाऱ्याच्या हातून वही ओढणे. पान फाटावयाचेच.

आता येऊ मागे, कारण खरी वस्ती तिथेच आहे. भिंतीवरचा स्विच बंद करा, खोके हलकेच पुढे ओढा आणि टॉर्च घ्या. प्रथमदर्शनी वायरींचे ते जंजाळ पाहून छाती दडपते खरी. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्यांनी हे खोके रचले, त्यांना ठाऊक होते, की ते जोडणारा माणूस काही इंजिनिअर असणार नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक भोकाला वेगळा आकार दिला. ज्या भोकात जी वायर जावयाची नाही, ती तिथे सहसा बसतच नाही. पोलक्याच्या हुकाला जसा त्याचा आकडा, तसे हे. तेव्हा मागच्या बाजूचा पहिला आणि शेवटचा नियम एकच: बसत नसेल तर जोर लावू नका, वळवून पाहा, नाहीतर शेजारचे भोक पाहा.

एका कोपऱ्यात, बहुधा अगदी वर किंवा अगदी खाली, जाळीमागे पंखा दिसेल आणि त्याच्याजवळ तीन चपट्या दांड्यांचे भोक. ही वीज घेण्याची जागा. दुकानदार या भागाला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज संगणकाला परवडेल अशी सौम्य करणे हे त्याचे काम. जवळच १ आणि ० लिहिलेले एक छोटे बटण असते. सफाईत फडक्याचा धक्का लागून ते ० कडे झुकते आणि मग घरभर 'संगणक मेला' अशी बोंब होते! जुन्या खोक्यांवर तिथेच एक लाल सरकते बटणही असते, त्यावर ११५ आणि २३० असे आकडे. ते आपल्याकडे २३० वरच हवे. चालू असताना कोणी ते ११५ वर सरकवले, तर फटाका फुटल्यासारखा आवाज येऊन आतला भाग जळतो. लहान मुलांची बोटे त्यापासून लांब ठेवा. आणि हा डबा उघडून पाहण्याचा मोह मोठ्यांनीही टाळावा. वीज काढून घेतली तरी त्याच्या पोटात ती काही काळ साठून असते.

पुष्कळ जणांची एक तक्रार असते, की खोक्याच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. 'संगणक आहे, थोडा करंट असायचाच,' अशी समजूत करून घेऊन लोक वर्षानुवर्षे काढतात. तसे नाही. प्लगचा तिसरा, जाड आणि लांब खिळा हा अर्थिंगचा. पत्र्यावर येणारी किरकोळ वीज त्या वाटेने जमिनीत जावी, अशी ती सोय आहे. झिणझिण्या येतात याचा अर्थ बहुधा भिंतीतली ती वाट तुटलेली आहे, किंवा मध्ये कोणीतरी दोन खिळ्यांचा जुगाड केला आहे. आज झिणझिण्यांवर निभावले, उद्या आत खरा बिघाड झाला तर त्या तुटक्या वाटेपायी कोणाच्या तरी जिवावर बेतेल. संगणक दुरुस्त करणाऱ्याला नव्हे, वायरमनला बोलवा. आणि दिवाळीच्या माळा त्याच बोर्डावर लावण्याआधी बोलवा.

पुढे भोकांची रांग लागते. दोन गोल, एक जांभळे आणि एक हिरवे दिसले, तर ती जुन्या धाटणीची: जांभळे कळफलकाचे, हिरवे माउसचे. त्यांत सहा बारीक सुया जातात. दामटले तर वाकतात, आणि ही वायर संगणक बंद असतानाच जोडावयाची असते. पूर्वी सगळीच भोके करड्या रंगाची असत. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी 'पीसी ९९' या मार्गदर्शिकेत प्रत्येकाला रंग नेमून दिला, तेव्हा कुठे सामान्य माणसाचा जीव भांड्यात पडला. तीन बारीक गोल भोके रांगेत असतात, त्यांचेही तसेच: हिरव्यात स्पीकर, गुलाबीत मायक्रोफोन, आकाशी रंगात बाहेरचा आवाज आत घेण्याची वायर. ही तिन्ही भोके एकाच मापाची. आकारावरून भागत नाही अशी ही जागा. इथे रंगच पाहावा. आवाज येत नाही म्हणून हैराण झालेल्या घरांत कित्येकदा हिरवी वायर गुलाबी भोकात सुखाने नांदत असते.

चपटी, आयताकृती भोके सर्वांत जास्त. ती यूएसबीची. त्यांची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ ची. तोपर्यंत प्रिंटरला एक भोक, माउसला दुसरे, आणखी कशाला तिसरे अशी प्रत्येकाची चूल वेगळी होती. यूएसबीने सर्वांना एका पंगतीला बसवले. हे घडवून आणण्यात इंटेलमधील अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. घरी प्रिंटर जोडताना झालेल्या कटकटीतून हा विचार सुचला, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे पाहा, संगणकाचे सर्वांत उपयोगी भोक प्रयोगशाळेइतकेच घरातल्या वैतागातूनही जन्माला आले! भोकाच्या आत एका बाजूला प्लास्टिकची जीभ दिसते. वायरीच्या तोंडातली पोकळ बाजू त्या जिभेवर आली, की ती अलगद बसते. जीभ निळी असेल तर ते भोक बहुधा अधिक वेगाचे. लांबट गोल, लहानसे भोक असेल तर ते टाइप-सी. त्यात वायर उलटसुलट कशीही जाते.

टेलिफोनच्या जुन्या वायरीसारखे, पण जरा रुंद तोंड दिसते ते इंटरनेटचे. आत आठ तारा. बसताना 'टक' असा आवाज येतो. काढताना वरची चिमुकली पट्टी दाबून मगच ओढावे. नुसते ओढले तर ती मोडते आणि पुढे वायर कायमची सैल राहते.

आता पडद्याची वायर. मास्तरांचे दोन रविवार जिने खाल्ले ती हीच. निळे, पंधरा टाचण्यांचे तोंड आणि दोन्ही कडांना दोन स्क्रू असतील, तर ते व्हीजीए, १९८७ पासूनचे. ते स्क्रू बोटांनीच आवळावयाचे असतात. लोक आळस करतात, म्हणून सफाईत वायर निसटते. खालचे दोन्ही कोपरे कापलेले चपटे तोंड असेल तर एचडीएमआय, आणि एकच कोपरा कापलेला असेल तर डिस्प्लेपोर्ट. खेळ खेळणाऱ्या मुलांच्या घरी अशी भोके दोन ठिकाणी सापडतात, वरच्या उभ्या रांगेत आणि खाली आडव्या पट्टीवर. खालची आडवी पट्टी हे वेगळे बसवलेले चित्रांचे कार्ड. ते असेल तर पडद्याची वायर तिथेच जोडावी. वरच्या भोकात ती बसते अगदी नीट, पण पडदा बहुधा काळाच राहतो.

पडदा काळा झाला, की घाबरू नये, दिवे पाहावेत. पडद्याला स्वतःचा दिवा, स्वतःचे बटण आणि स्वतःची विजेची वायर असते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. पडद्याचा दिवा विझलेला असेल तर त्याची वीज पाहा. खोक्याचा दिवा विझलेला असेल तर खोक्याची वीज पाहा. दोन्ही जळत आहेत आणि पडद्यावर सिग्नल नाही अशा अर्थाची अक्षरे उमटत आहेत, तर दोघेही जागे आहेत, फक्त त्यांचे बोलणे तुटले आहे. संगणक बंद करून मधली वायर दोन्ही टोकांना नीट दाबून बसवा. एवढे करून भागले नाही, तर खुशाल दुरुस्तीवाल्याला बोलवा. त्याचे पाचशे त्याने खरोखर कमावलेले असतील.

प्रदक्षिणा संपवून पुन्हा समोर या. पडदा 'चोवीस इंची' म्हणतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजलेला. हल्लीच्या रुंद घडणीत त्याची प्रत्यक्ष रुंदी एकवीस इंचांच्या आसपास भरते. माउस हे यंत्र डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ च्या सुमारास अमेरिकेत घडले, तेव्हा ते लाकडी ठोकळ्याचे होते. त्याला मागून वायरीची शेपटी होती, म्हणून हे नाव. कळफलकावर एफ आणि जे या कळांवर बोट फिरवा. बारीक उंचवटे लागतील. न पाहता टंकणाऱ्याच्या तर्जनींचे ते घर. आणि भगिनींनो, या कळफलकावर मराठी लिहिण्यासाठी इंग्रजी स्पेलिंगांची कसरत करावीच लागते असे नाही. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने इन्स्क्रिप्ट नावाची मांडणी ठरवली, ती आजही संगणकात असते: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. के या कळेवर क, आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ख. बाराखडी येणाऱ्याला ती परकी वाटत नाही.

राहिली ती सफाई. खोक्याला बहुधा पुढून हवा घ्यावी लागते आणि मागून ऊन हवा सोडावी लागते. म्हणून ते भिंतीला चिकटवू नये. वीतभर जागा ठेवावी. क्रोशाचा रुमाल हवा तर बंद असताना घाला, चालू असताना तो म्हणजे उन्हाळ्यात घातलेली शाल. जाळ्यांवरची धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. भोकांजवळ ओले फडके नको. पडदा जवळजवळ कोरड्या, मऊ फडक्याने हलकेच पुसावा. आणि पुढच्या दसऱ्याला हळदकुंकू खोक्याच्या बंद बाजूला वाहा. जाळीवर वाहिलेले कुंकू पंखा थेट आत ओढून घेतो.

खोके जागेवर सरकवण्याआधी दोन कामे करा. मोबाइलने पाठीचे एक छायाचित्र काढून ठेवा. मग फराळाच्या डब्यांवर चिकटवतो तशा चिठ्ठ्या कापून प्रत्येक वायरीच्या टोकाला एकेक लावा: पडदा, स्पीकर, इंटरनेट, प्रिंटर. अक्षर घरातल्या सर्वांत वडील माणसाचे असू द्या. मुलांनी नाव सांगावे, आजोबांनी किंवा आजींनी लिहावे. चिरंजीव आतल्या खोलीतून ओरडलेच, तर त्यांना बाहेर बोलवा आणि टॉर्च धरायला लावा.